तिघांतला एक

पहिला दगड अँब्युलन्सच्या काचेवर बसला, तेव्हा ड्रायव्हरने ब्रेक लावण्याऐवजी एक सणसणीत शिवी हासडली आणि गाडी तशीच नांगरटीत घातली.

"सिस्टर, अजून सांगतो, मागं फिरू. कुपी सापडलीच नाही म्हणू. जमिनीवरच्यांना सलाईन पुरेना, आणि आपण निघालोय आभाळातल्यांची वरात आणायला!"

"तोंड कमी चालवा, गाडी चालवा," सिस्टर म्हणाली.

समोर शेतात काळी पडलेली अवकाशकुपी कलती उभी होती आणि तिच्याभोवती अख्खं गाव जमलं होतं. मार्ग चुकून ती भलत्याच ठिकाणी उतरली होती. आत तिघे अंतराळवीर, तीन देशांचे, आणि त्यातला एक नदीपलीकडचा. रेडिओवर एवढं कळलं आणि गावाने हाताला लागेल ते उचललं. नदीपलीकडच्या विमानांनी गेल्या आठवड्यात बाजारावर बॉम्ब टाकले होते. पावाच्या रांगेत उभा असलेला सिस्टरचा मुलगा त्यात गेला होता.

आता अशा बाईला या कामावर कुणी धाडावं का? पण इस्पितळात दुसरं होतं कोण! लढाई सुरू होण्याआधी परदेशातून काही माणसं हे काम शिकवायला आली होती. अंतराळवीर कुठल्याही देशाचा असो, कुठेही उतरो, त्याला उचलून सुखरूप त्याच्या घरी पोचवायचं, असा शब्द सगळ्या देशांनी एकमेकांना दिला होता म्हणे. नदीपलीकडच्यांनीही दिला होता. डॉक्टरमंडळींनी तेव्हा मागच्या बाकांवर डुलक्या काढल्या, आणि स्ट्रेचरवरचा बाहुला उचलायला लावला तो हिला. आज त्यातला एक डॉक्टर आघाडीवर होता आणि दुसऱ्याला ऑपरेशनच्या टेबलापासून हलायला सवड नव्हती. म्हणून ती आली. देशांच्या शब्दाचं तिला काडीचं कौतुक नव्हतं. खरं सांगायचं तर निघताना तिने खिशात कात्री टाकली होती, आणि ती काही पट्ट्या कापायला नव्हे.

तिघे कसेबसे सरपटत बाहेर येऊन कुपीला टेकून पडले होते. कित्येक महिने वर तरंगत राहिलेली माणसं ती. पायांत त्राण नाही, मान धरवत नाही. तिघांच्याही बाहीवर झेंड्याच्या जागी नुसते दोरे लोंबत होते. नावाच्या पट्ट्याही त्यांनीच उचकटून टाकलेल्या.

पहार घेऊन सगळ्यांत पुढे उभे होते तिचे धाकटे दीर. वेल्डिंगचं दुकान चालवणारा, पुतण्याला खांद्यावर बसवून गावभर मिरवणारा माणूस. ढिगाऱ्यातून पोराला त्यांनीच उपसून काढलं होतं, आणि घरापर्यंत दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नव्हता. तेव्हापासून त्यांच्या पोटात धड अन्न नव्हतं.

"वहिनी, तुम्ही बाजूला व्हा."

"आधी तपासू द्या मला, भावजी."

"तपासा की. फक्त त्यातला तो कोण, तेवढं सांगा. बाकीच्या दोघांना मी स्वतः पाठीवर घालून नेतो."

तिघांतला पांढऱ्या दाढीचा, त्यांचा म्होरक्या, मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाला, "आम्ही तिघे. एक यान. कोण कुठला, नाही."

"हा तो नव्हे," भावजी म्हणाले. "त्यांची बोली मी झोपेतसुद्धा ओळखीन. राहिले दोन. बोला रे! दोन शब्द बोला!" त्यांनी एकाच्या बरगडीत लाथ घातली. तो नुसता कळवळला. दुसऱ्याने ओठ दातांत धरले.

मग भावजींनी म्होरक्याची गचांडी धरली आणि त्याला उभं केलं. "तू सांग!"

"उभं करू नका!" सिस्टर किंचाळली. "रक्त पायात उतरतं त्यांचं, मरेल तो!"

"मरू दे!"

म्होरक्याचे डोळे पांढरे झाले. तो कोसळला आणि कुपीच्या दाराची कड त्याच्या कपाळात घुसली. रक्त बघून गर्दीला आणखी चेव आला. दगडांचा एकच मारा सुरू झाला. ड्रायव्हरच्या कानामागून भळाभळा रक्त वाहू लागलं. त्या गदारोळात सिस्टर ओठ चावून पडलेल्या पोरगेल्या अंतराळवीरापाशी गुडघ्यांवर बसली आणि कात्रीने त्याची कॉलर कापून नाडी बघू लागली. तो अगदी तिच्या कानाशी पुटपुटला, "हे कुठलं गाव?"

नदीपलीकडची बोली. लढाईआधी तिकडचे पेशंट इस्पितळात यायचे, तिला ती चांगली येत होती. काही कळायच्या आत तिने गावाचं नाव सांगितलं.

त्याने डोळे मिटले. "वरून धूर दिसला होता. आम्ही तिघांनी बघितला."

कात्रीचं टोक त्याच्या गळ्याशीच होतं. नुसतं दाबलं असतं, किंवा नुसतं बोट दाखवलं असतं, तरी काम झालं असतं. आणि तिला तो मरायला हवा होता. काळजाच्या देठापासून हवा होता. का थांबली, हे पुढे तिला कुणालाही सांगता आलं नाही. बोटाखाली त्याची नाडी चालू होती, एवढंच तिच्या लक्षात राहिलं. तिने कात्री लांब चिखलात फेकून दिली.

मागून कोणीतरी ओरडलं, "अरे, दोघांनाही ठेचा! त्यातला एक तरी बरोबर निघेल!"

हिशोब सगळ्यांना पटला. भावजींनी दोन्ही हातांनी पहार डोक्यावर नेली. सिस्टर त्या पोरावर आडवी पडली आणि तिने हात वर केला. हाड मोडल्याचा आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला.

दगड थांबले. जिचं पोर गेलं म्हणून ते सगळे सूड घ्यायला आले होते, तीच बाई चिखलात लोळत होती.

"मारा ना," ती दातओठ खात म्हणाली. "आपल्या घरात मेलेले कमी पडलेत का?"

पहार भावजींच्या हातातून गळून पडली.

"स्ट्रेचर धरा, भावजी. माझा हात गेला. आडवंच उचलायचं. डोकं वर करायचं नाही."

एका बाजूला ड्रायव्हर आणि दुसऱ्या बाजूला भावजी, असं करत एकेक करून तिघेही अंतराळवीर गाडीत चढवले. निघताना मागच्या दारावर आणखी चार दगड बसले.

गाडीत भावजी म्होरक्याची सलाईनची बाटली उंच धरून बसले आणि लहान मुलासारखे हुंदके देऊन रडू लागले. रडता रडता म्हणाले, "वहिनी, आपल्या पोराची शपथ आहे तुम्हाला. ह्यातला कोण तो?"

"मला नाही माहीत," सिस्टर म्हणाली. मेलेल्या मुलाची शपथ तिने अशी मोडली.

'पोर' हा शब्द त्या पोरगेल्या माणसाला कळला असावा. त्याने आधी भावजींकडे पाहिलं, मग तिच्या लोंबत्या हाताकडे, मग तिच्या तोंडाकडे. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ओठ उघडले. तो काय बोलणार, हे तिला कळून चुकलं. नदीपलीकडून कुणीतरी ते म्हणावं, म्हणून गेला आठवडाभर ती भिंतीवर डोकं आपटत होती. एवढं ऐकायला मिळालं असतं तर कदाचित तिला झोप लागली असती.

तिने धड हाताचा तळवा त्याच्या तोंडावर दाबला.

"काय झालं?" भावजींनी विचारलं.

"काही नाही. ओकारी येतेय त्याला."

तो तळव्याखाली बोलतच राहिला. वाक्य लांब होतं. मध्येच थांबलं, पुन्हा सुरू झालं. तिच्या हाताला त्याचा गरम श्वास आणि ओले ओठ लागत होते, शब्द एकही कळत नव्हता. इस्पितळ येईपर्यंत तिने हात काढला नाही.