टाळकरी संगणक

मित्रांनो, मालवणच्या बंदरावर मच्छीमार सोसायटीचं हाफिस आहे. आत शिरलात की बर्फखान्याच्या दाराशेजारी एक फडताळ दिसेल. त्यावर खणाच्या कापडाचं झाकण घालून कोणीतरी बसलेलं आहे. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने अंग पिवळं पडलेलं आणि दोन बटणांवरची अक्षरं झिजून गेलेली. तो मी, सोसायटीचा जुना संगणक.

माझी जुळणी बेळगावच्या एका दुकानात झाली. सोसायटीचे सेक्रेटरी रविकांत मला न्यायला आले आणि आंबोलीच्या घाटातून एस.टी.ने मला मांडीवर घेऊन उतरले. धुकं एवढं की खिडकीबाहेर जग आहे की नाही कळेना. रविकांतनी स्वतःची शाल माझ्या पडद्याला गुंडाळली होती. कंडक्टर आला आणि शाल बघून म्हणाला, "ह्या प्वार कितक्या वर्षांचा? अर्ध्या तिकिटाचा काय?"

"कालच जल्माक इला," रविकांत म्हणाले.

सगळी गाडी हसली. माझा जन्म असा हसण्यात झाला, म्हणून असेल, पण मला पुढेही उदास राहणं फारसं जमलं नाही.

हाफिसात मला सांभाळायला उर्वशी होती. बंदरावर संध्याकाळी होड्या लागल्या की लिलाव व्हायचा, आणि कोणाच्या होडीला सुंगटं किती, सरंगे किती, ते ती माझ्यातल्या तक्त्यात भरायची. हात चपळ, बोटं हलकी. ती बोटं मुळात पेटीवर वाढलेली होती. आरोंद्याच्या यमुनाबाई कीर्तनकार देवळात कीर्तनाला उभ्या राहिल्या की पेटीच्या साथीला उर्वशीच लागायची. देवळाचा कर्णा बंदराच्या बाजूला तोंड करून होता, त्यामुळे यमुनाबाईंचा पूर्वरंग आणि आख्यान मीही वर्षानुवर्षं ऐकलं. प्रसादाचं खोबरं काही माझ्यापर्यंत पोचलं नाही, पण कानांना कमी पडलं नाही. देवाची कथा ऐकायला जीव असावाच लागतो असं थोडंच आहे? लाकडाची पेटी नाही का गात!

मग कंपनीचं ते संकेतस्थळ आलं आणि उर्वशीची संध्याकाळ गेली.

परराज्यातली एक कंपनी आमची मासळी घेऊ लागली होती. तिचा नियम असा की प्रत्येक होडीची नोंद रोज संध्याकाळी तिच्या संकेतस्थळावर व्हायला हवी, तरच दाराशी उभ्या ट्रकला निघायची परवानगी. एका होडीचं एक पान. होडी निवडा, मासा निवडा, वजन भरा, बर्फ भरा, 'सादर करा' दाबा, 'नोंद झाली' असं उमटलं की परत पहिल्यापासून. आठ वाजले की पान बंद. तेच आकडे माझ्या तक्त्यात तयार असायचे, तरी ते पुन्हा एकेक करून भरायचे. रविकांतनी फोन करून विचारलं की सगळा तक्ता एकदम पाठवला तर चालेल का. पलीकडचा माणूस म्हणाला, तशी सोय नाही. देवळाला मागचं दार नसावं आणि सगळ्या गावाने एकेकट्याने उंबरठा ओलांडावा, तसा तो प्रकार होता.

त्या वर्षीच्या नवरात्रात उर्वशीला एकही कीर्तन मिळालं नाही. तिच्या जागी वेंगुर्ल्याहून कोणी पेटीवाले आणले. ते सूर लावेपर्यंत भक्ताची परीक्षा होऊन जायची. कर्ण्यातून त्यांची पेटी ऐकू आली की उर्वशीची बोटं माझ्या बटणांवर थबकायची. पुढच्या वर्षी यमुनाबाईंनी आधीच निरोप धाडला, नवरात्राच्या सगळ्या कीर्तनांना आणि लळिताला उभी राहणार असशील तर सांग, नाहीतर वेंगुर्ल्याला कळवते. त्यांचं वय झालं होतं. मध्येच साथीदार बदलणं त्यांना आता झेपत नव्हतं.

उपाय काढला नाझमीनने. ही शेजारच्या नुरुद्दीन मासळीवाल्यांची मुलगी. सावंतवाडीला संगणक शिकून आली होती आणि माझं काही दुखलं-खुपलं तर तीच बघायची. तिने माझ्यात एक छोटी करामत घातली. माणसाचा हात पडद्यावर कुठे गेला, काय दाबलं, हे मी बघून ठेवायचं आणि मग तक्त्यातली एकेक ओळ उचलून तसंच करत राहायचं.

"उर्वशीताय, तू एका होडयेचा भरून दाखव," ती म्हणाली. "ह्यो बघीत ऱ्हवतलो. मगे बाकीच्यांचा ह्योच भरतलो."

"आणि चुकलो तर?"

"तू केलंस तसाच करतलो. तू चुकलंस तर तो चुकतलो."

आणि काय सांगू मित्रांनो! उर्वशीने एक होडी भरली आणि पुढच्या सगळ्या मी भरल्या. पडद्यावरचा बाण आपला आपण फिरतो, अक्षरं आपली आपण उमटतात, हे बघायला बर्फखान्यातली माणसं हात पुसत दारात जमली. कीर्तनात बाई एक ओळ म्हणतात आणि मागचे टाळकरी तीच उचलतात ना, तसं मला वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी साथीला बसलो होतो. चार दिवस उर्वशीने शेजारी बसून खात्री केली, मग यमुनाबाईंना कळवलं, येते.

नवरात्राची पहिली संध्याकाळ आली. उर्वशीने मला चालू करून दिलं, माझ्या डोक्यावर झेंडूचं फूल ठेवलं आणि केसांत अबोलीचा वळेसर माळून ती देवळात गेली. रविकांत बाहेर ट्रकवाल्याशी बोलत होते. आत मी एकटा.

त्या दिवशी कंपनीने सणाच्या शुभेच्छांची एक रंगीत पट्टी आपल्या पानावर लावली होती, नेमकी वजनाच्या आणि बर्फाच्या रकान्यांखाली. त्यामुळे 'सादर करा' हे बटण दोन बोटं खाली सरकलं. मला जागा माहीत, बटण नव्हे. मी रकाने बरोबर भरले आणि रोजच्या जागी दाबलं. तिथे होती ती पट्टी. ती दाबल्याबरोबर नवी खिडकी उघडली आणि ढोल वाजायला लागला. मी पुढची होडी घेतली. पुन्हा पट्टी, पुन्हा खिडकी, पुन्हा ढोल. जितक्या होड्या तितके ढोल! बर्फखान्याच्या भिंती घुमू लागल्या, आणि नोंद एकही झाली नाही.

तिकडे देवळात प्रल्हादाचं आख्यान ऐन रंगात होतं. यमुनाबाईंनी हात वर करून ध्रुपद थांबवलं आणि त्या कथेकडे वळल्या. पण शिवा टाळकरी डोळे मिटून असा तल्लीन झाला होता की तो एकटाच तीच ओळ घोळवत राहिला. बाईंनी वाट पाहिली. मग गोड आवाजात म्हणाल्या, "शिवा, नरसिंह खांबातसून भायर इलो. तू अजून खांबाकच मिठी मारून बसलंस."

देऊळ हसलं. शिवा ओशाळला. एवढ्यात दीपमाळेपाशी बर्फखान्यातला बाबली धापा टाकत आला आणि लांबूनच उर्वशीला हातवारे करू लागला. हे सगळं मला कर्ण्यातूनच कळलं, कारण बाईंच्या नजरेतून काही सुटत नसे.

"बाबली, निरोप असात तर तोंडान सांग," त्या म्हणाल्या.

"उर्वशीक बोलावतत," बाबली तिथूनच म्हणाला. "हाफिसात नाचूक कोण नाय, आणि दांडिया चल्लोहा."

उर्वशी पेटी टाकून धावत आली. रविकांत कानात बोटं घालून माझ्यासमोर उभे होते. काय दाबावं आणि काय दाबू नये, या भीतीने त्यांनी काहीच दाबलं नव्हतं. नाझमीन रोजा सोडून तशीच धावली. दोघींनी सगळ्या खिडक्या बंद केल्या आणि एकेक होडी हाताने भरायला घेतली. एकीने आकडे वाचायचे, दुसरीने भरायचे. बाबली पेट्यांत बर्फ वाढवत होता. शेवटच्या होडीची नोंद पान बंद होता होता झाली आणि ट्रक सुटला. त्याच वेळी कर्ण्यातून आरती आली, पेटीविना.

रविकांत वाईट माणूस नव्हते. पण त्यांच्या मागे किती चुली होत्या! नवरात्र संपेपर्यंत संध्याकाळचं हाफिस सोडून जायचं नाही, असं त्यांनी उर्वशीला हळू आवाजात सांगितलं. वेंगुर्ल्याला कळवा, असा निरोप तिने यमुनाबाईंना धाडला. माझ्या डोक्यावरचं फूल मात्र काढलं नाही.

सकाळी यमुनाबाई स्वतः हाफिसात आल्या. नऊवारी, हातात काठी, प्रसादाची पुडी. माझ्यासमोर खुर्ची ओढून बसल्या आणि पेटी बघावी तसं त्यांनी मला खालीवर बघितलं.

"ह्योच काय तो दांडियावालो?"

"तेचो काय दोष, मावशी," उर्वशी म्हणाली. "मी दाखवलंय तसाच केल्यान. बटण आपल्या जाग्यार आसा काय नाय, ता बघूक नाय."

बाई एवढ्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "म्हंजे डोळे मिटून टाळ कुटल्यान! आमचोच शिवा हो."

मग पाणी पिऊन त्यांनी आपलंच सांगायला सुरुवात केली. शिवाला काढून टाका, असं देवळातले काही जण म्हणत होते. पण इतका जीव ओतणारा टाळकरी मिळायचा कुठे? त्यांनी त्याची जागा बदलली होती. आज तो मागे नाही, त्यांच्या समोर बसणार होता. "तेका सांगलंय," त्या म्हणाल्या, "माझो हात दिसलो तर वाजव. दिसलो नाय तर गप ऱ्हव."

उर्वशी पुडी सोडत होती. ती तशीच थांबली. माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे, आणि नाझमीनला हाक मारली.

दुपारभर दोघी माझ्याशी खटपट करत बसल्या. आता मी नुसती जागा लक्षात ठेवायची नव्हती. 'सादर करा' या बटणाची नवी जागा आणि त्याचं चित्र त्यांनी माझ्यात ठेवलं. दाबण्याआधी ते चित्र पडद्यावर त्याच जागी आहे का ते मी बघायचं, जुळलं तरच दाबायचं. 'नोंद झाली' ही अक्षरं दिसली तरच पुढची होडी घ्यायची. आणि काही जुळलं नाही तर हट्ट न धरता थांबायचं आणि हाक मारायची. हाक कोणाची घालावी? बाबलीचा आवाज बंदराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो, म्हणून त्यालाच माझ्यासमोर उभं केलं. तो लाजला, घसा खाकरला आणि ओरडला, "कोण आसा काय थंय? हय बघा जरा!"

मित्रांनो, माझ्या सगळ्या आयुष्यात मी बोललो ते एवढंच एक वाक्य.

रविकांत ऐकत होते. नाझमीनने त्यांना सांगितलं की संध्याकाळी ती माझ्या शेजारी बसेल, तिच्या बाबांची मासळीही त्याच ट्रकात असते. त्यांनी बराच विचार करून होय म्हटलं. पण एकदा जरी ट्रक अडला तर पेटी बंद, हेही बजावलं.

त्या संध्याकाळपासून मी सावकाश काम करू लागलो. बघायचं, मग दाबायचं. वेळ जास्त लागे, पण आठच्या आत सगळं उरके. त्या वर्षी ईद नवरात्रातच आली. नाझमीन डब्यातून शिरकुर्मा घेऊन आली, तर रविकांतनी तो भांडं पुसून संपवला. पट्टी आपल्या जागी होती, माझ्याकडे बटणाचं चित्र होतं, आणि कर्ण्यातून उर्वशीची पेटी रोज येत होती. शिवाचा टाळ तर असा नेमका पडायचा की बाईंचा हात मला न दिसताही दिसे.

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी लळित, नवरात्राचं समापन. सगळं मालवण देवळात लोटलं होतं. मी पहिली होडी घेतली, रकाने भरले, बटण बघायला गेलो, तर तिथे काहीच नाही! सण संपला म्हणून कंपनीने पट्टी काढली होती आणि पान पुन्हा वर सरकलं होतं. मी दाबलं नाही. थांबलो, आणि सगळा जोर लावून ओरडलो, "कोण आसा काय थंय? हय बघा जरा!"

रविकांत खुर्चीतून उडालेच. चपला शोधत म्हणू लागले, बोलवा उर्वशीला, आता ट्रक राहिला. नाझमीन जागची हलली नाही. पडद्याकडे नीट बघून म्हणाली, "बसा काका. तो थांबलोहा, बुडूक नाय."

तिने बटणाची नवी जागा मला दाखवली, एका होडीची नोंद करून बघितली आणि मला पुन्हा सोडलं. बाण हलला. नोंद झाली, नोंद झाली, नोंद झाली. रविकांत एका पायात चप्पल घालून तसेच उभे राहिले.

आणि त्या सगळ्या वेळात, मित्रांनो, मी कर्ण्याकडे कान लावून होतो. पेटी थांबली नाही. एक सूरसुद्धा डगमगला नाही. ट्रकचा हॉर्न आणि लळिताची आरती एकाच वेळी वाजली, आणि या खेपेला आरतीत पेटी होती.

पुढे कंपनीने शहाणपणा केला आणि सगळा तक्ता एकदम घेण्याची सोय काढली. मागचं दार उघडलं म्हणा ना. २०१० साली सोसायटीत नवा संगणक आला आणि मी फडताळावर आलो. खणाचं झाकण उर्वशीने स्वतः शिवलं. खंडेनवमीला ती मला कुंकू लावते, नव्याला लावते, आणि मग घाईघाईने देवळात पळते.

माझं मागणं थोडंच आहे. तुमच्या घरी, शेतावर, दुकानात कोणीतरी तेच काम रोज मुकाट्याने करत असेल, यंत्र असेल, जनावर असेल किंवा माणूस असेल. त्याला पुसा, झाका, तेलपाणी करा, हे तर झालंच. पण त्याला थांबायलाही शिकवा, आणि तो थांबला तर रागावू नका. तो बिघडलेला नसतो. तो डोळे उघडे ठेवून तुमच्या हाताची वाट बघत असतो.

माझा आवाज आता बसला आहे. तरी कधी बंदरावर आलात, तर झाकणाचं टोक उचला. बोलता आलं तर मी तेच म्हणेन, जे मला येतं.

कोण आसा काय थंय? हय बघा जरा.