चार बोटांचा खळगा

गादीवाल्याला माणसं चेहऱ्यावरून कमी आणि गादीवरून जास्त कळायची. जुनी गादी पिंजायला आली की खोळ उसवण्याआधी तो तिच्यावरून तळवा फिरवायचा. ‘भिंतीकडे तोंड करून झोपतात. नवराबायकोचं काही बरं दिसत नाही.’ मग पडलेला खळगा बोटांनी मोजायचा आणि वर्षभरात किती बोटं, त्यावरून वजन सांगायचा. गल्लीतल्या जाड बायका म्हणूनच गादी द्यायला नवऱ्याला पाठवत.

त्याची बायको जाऊन दीड वर्ष झालं होतं. चार दिवस ताप, आणि पाचव्या दिवशी पलंग अर्धा रिकामा. तेव्हापासून तो वाळत चालला होता. जेवण दोन घासांवर आलं, पट्टा आवळूनही पँट थांबेना, पहाटे बनियन घामाने भिजलेला असे. लोक म्हणायचे, दुःख खातंय बिचाऱ्याला. समोर राहणारी मेहुणी तर भेटेल त्याला सांगायची, “ताईने भावोजींना अर्धं सोबत नेलंय.” आणि खरं सांगायचं तर त्याला ते ऐकून बरं वाटायचं. बायकोसाठी आपण झिजतोय, एवढं तरी आपल्या हातून होतंय! एकटा पडलेला माणूस कशाचाही अभिमान धरतो. पोटात डाव्या बाजूला काहीतरी सारखं टोचायचं, त्यालाही तो तिचंच नाव द्यायचा.

एका दुपारी पिंजायचं यंत्र बंद करून तो कापसाच्या ढिगावर जरा कलंडला. कापसाची तुसं अजून हवेतच होती, वरच्या काचेतून आलेल्या उन्हात सावकाश फिरत होती. ती खाली बसेनात. उलट दाट होत गेली, दुकानाच्या भिंती दिसेनाशा झाल्या, आणि त्या पांढऱ्यात त्याची बायको बसलेली होती, केसांना रुमाल बांधून, नेहमीसारखी कापसातल्या सरक्या वेचत.

“झोपलात? गिऱ्हाईक आलं म्हणजे?”

“तू आहेस की.”

“मी कुठली असायला!” ती हसली. मग तिने ढिगातून घरच्या दोन्ही गाद्या अलगद ओढून काढल्या. आधी स्वतःच्या गादीवर हात ठेवला. “चार बोटं.” मग त्याच्या गादीवर. “एक. तेही धड नाही. अहो, गेले मी, आणि गादी तुमची रिकामी?”

“तुझ्या दुःखाने गं...”

“माझ्या नावावर बिल फाडू नका!” चिडली की ती अशीच बोलायची. “छत्री हरवली की मी, भाजी खारट झाली की मी. आता हेही मीच का?”

तो जागा झाला तेव्हा पापण्यांवर कापूस होता. शटर अर्धवट ओढून तो तसाच घरी गेला. पलंगावर दोन गाद्या शेजारी शेजारी होत्या. तिच्या गादीला त्याने कुणाला हात लावू दिला नव्हता. स्वतःची मात्र वर्षापूर्वी पिंजून भरली होती. त्याने बोटं टेकवली. तिची चार, त्याची एक. पूर्वी त्याची वर्षाला सहा भरायची, आणि ‘रात्री मी घरंगळत तुमच्याकडे येते’ म्हणून ती कुरकुरायची.

ही गादी गिऱ्हाइकाची असती तर तो लगेच म्हणाला असता, ‘हिच्यावर आजारी माणूस झोपतंय, आधी डॉक्टरला दाखवा.’

त्याने खिडकीतून मेहुणीला हाक मारली.

तपासण्यांत दोन आठवडे गेले. डॉक्टरीण त्याला मुलगी शोभेल अशा वयाची होती, पण बोलणं स्पष्ट. आतड्याचा कॅन्सर आहे, फार पसरलेला नाही, ऑपरेशन करता येईल. गादीवाल्याने एकच विचारलं, “हे बायकोच्या दुःखाने झालं का हो?”

“दुःखाने झोप जाते, भूक जाते, शरीर खचतं,” ती म्हणाली. “पण त्यानेच कॅन्सर होतो असा पक्का पुरावा नाही, काका. दुःखाने तुमचं एवढं मात्र झालं, की प्रत्येक दुखण्याला तुम्ही तेच कारण दिलंत आणि इथे यायला उशीर केलात.”

बाहेर बाकावर मेहुणी डोळे पुसत होती. “मीच गावभर सांगत सुटले, ताईने नेलं म्हणून.”

“तिचं काही नाही त्यात,” तो म्हणाला. मग पुन्हा एकदा तेच म्हणाला, आणि दीड वर्षात पहिल्यांदा चारचौघांत ढसाढसा रडला. अंगावरून मोठं ओझं उतरलं होतं.

ऑपरेशनच्या दोन दिवस आधी त्याने दोन्ही गाद्या दुकानात आणल्या. तिच्या खळग्यात हात ठेवून बराच वेळ बसला. मग टाके उसवले. दोन्हींचा कापूस एकाच ढिगात पिंजला आणि एक रुंद गादी भरायला घेतली. मेहुणी खोळीचं टोक धरून उभी होती.

“भावोजी, आता ताईची बाजू कुठली नि तुमची कुठली?”

“मी मधोमध झोपणार,” दाभणात दोरा ओवत तो म्हणाला. “आणि वर्षाने तू येऊन बोटं मोजायची. सहा भरली पाहिजेत.”