पऱ्हाटी जाळायची नाही

भाषण करायला मला स्टेज लागत नाही, शेताचा बांध पुरतो. सेंद्रिय शेतीकडे वळल्यापासून तर समोर माणूस दिसला की मी सुरू. गावातले लोक मला पाहून वाट बदलू लागले होते. त्यामुळे इटलीतले दोन कृषी विद्यार्थी हिवाळाभर आमच्याकडे राहून शेती आणि इथलं खाणंपिणं शिकणार, असं कळलं तेव्हा मला आकाश ठेंगणं झालं. पळून न जाणारे श्रोते कुणाला मिळतात?

पारोळ्याजवळच्या आमच्या गावात किआरा आणि मातेओ आले. आईने पहिल्याच दिवशी मातेओचं माथू करून टाकलं. सकाळी माझ्याकडे शेण-गोमूत्राचं जीवामृत ढवळायचं, संध्याकाळी आईकडे कळण्याची भाकरी थापायची. किआरा मराठी इतकी चटकन शिकली की माझी वाक्यं माझेच हातवारे करून म्हणायची. माझं सगळ्यात गाजलेलं भाषण पऱ्हाटीवरचं. कापूस वेचून झाला की शेतात जी वाळकी झाडं उरतात ती पऱ्हाटी. "पऱ्हाटी जाळणारा माणूस स्वतःच्या जमिनीला चटके देतो!" असं मी म्हणायचो आणि माझाच गळा भरून यायचा. जाळू नका, यंत्रात घालून चुरा करा, झाडांच्या बुडाशी पसरा. हे त्या दोघांनी इतकं मनावर घेतलं की माथूने शेजारच्या लोटनआबांची पऱ्हाटीची शेकोटी बादलीभर पाणी ओतून विझवली. आबा शेकत बसलेले असताना.

एवढ्यात माझी बहीण कामिनी हिच्या लग्नाचं घाटत होतं. मुलगा शिंदखेड्याकडचा, अभिमन. दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं, फोनवर तासन्‌तास हसत बसायचे. अडसर एकच, मुलाचे वडील जीवराम नाना. या माणसाचा जीव वांग्याच्या भरतात. आणि भरताचं वांगं पऱ्हाटीच्या जाळावरच भाजलेलं पाहिजे. थोरल्या मुलाच्या वेळी एका घरी गॅसवरचं भरीत पानात आलं, तेव्हा नाना भरल्या ताटावरून उठले आणि सोयरीक तिथेच मोडली. तेच नाना रविवारी आमच्याकडे सुपारी फोडायला, म्हणजे लग्न पक्कं करायला, जेवायला येणार होते.

आईने खास दोन भारे पऱ्हाटी गोठ्यामागे राखून ठेवली होती. रविवारी सकाळी ती ओरडली, "कुंदन, पऱ्हाटी कठे गयी रे?"

किआरा हसत पुढे आली. "सरप्राईज! पाहुणे येणार म्हणून आम्ही पहाटेच सगळा चुरा केला. लिंबाच्या बुडाशी पसरला. वरून जीवामृत टाकलं."

मी डोक्याला हात लावून मटकन खाली बसलो. गावात दुसरीकडे एक काडी नव्हती. मी गप्प बसावं म्हणून लोकांनी यंदा आपली पऱ्हाटी आधीच यंत्रात घातली होती. कामिनी रडायला लागली. आई माझ्याकडे अशी बघत होती की त्यापेक्षा तिने दोन ठेवून दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेवढ्यात नानांची जीप आली. टपावर दोरीने बांधलेला पऱ्हाटीचा भलामोठा भारा! अभिमनच्या पाठोपाठ नाना उतरले, मिशीवर हात फिरवून म्हणाले, "परका घरनी पऱ्हाटीना मी भरोसा करस नई. मनी मी लई उनू."

स्वतःची पऱ्हाटी घेऊन आलेल्या नानांच्या पायावर मला लोळण घ्यावीशी वाटली. माथूला सांगितलं, पाहुण्यांचा भारा उतरवून घे. नानांना बाजेवर बसवलं, पाणी दिलं, आई वांग्यांना तेल लावायला बसली. आणि गोठ्यामागून घर्र घर्र आवाज सुरू झाला.

मी धावत गेलो तेव्हा शेवटची काडी यंत्रात जात होती. माथू घामाघूम होऊन कौतुकाने म्हणाला, "किती छान माणूस! जमिनीसाठी भेट आणली!"

माझ्या मागोमाग नाना, अभिमन, कामिनी, आई, सगळेच तिथे आले. नानांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. मी घाईघाईने म्हणालो, "काही बिघडलं नाही नाना, हा चुरा कोरडा आहे. यावरच भाजू." आणि काडेपेटी काढली.

किआरा ढिगापुढे दोन्ही हात पसरून उभी राहिली. "पऱ्हाटी जाळायची नाही! पऱ्हाटी जाळणारा माणूस स्वतःच्या जमिनीला चटके देतो!" तिचाही गळा भरून आला. पुढे तिने माझ्या भाषणातला गांडुळांचा भाग घेतला, मग नातवंडांचा. एक शब्द चुकला नाही. अगं, आजच्या दिवस, म्हणून मी हात जोडले, तर म्हणाली, "आजच्या दिवस म्हणणारेच माती मारतात, हे कोण म्हणालं?"

मीच म्हणालो होतो. काडेपेटी निमूटपणे खिशात गेली.

"ही कोन शे?" नानांनी विचारलं. उत्तराची वाट न पाहता त्यांनी टोपी सारखी केली. "भरीत नई, तं सुपारी नई. चाल रे अभिमन."

कामिनीने डोळे पुसले. आता तिला राग आला होता, आणि आमच्या घरात राग आला की कुणाला कुणाची भीड राहत नाही. ती थेट अभिमनपुढे जाऊन उभी राहिली. "मी पाहिजे की भरीत? आत्ता सांगा."

अभिमनने एकदा तिच्याकडे, एकदा वडिलांकडे पाहिलं.

"माले वांगं चालतच नई," तो म्हणाला. "खादं का तोंड खाजस, ओठ सुजतस. लहानपनपाइन मी मना वाटानं भरीत कुत्राले टाकस."

यंत्र बंद होतं, तरी मला घर्र ऐकू येत होतं. नाना ढिगावरच बसले.

"वांगं नई खास?" आई पुढे झाली. तिचा आवाज पार बदलला होता. "आनी हाई आमले कोनी सांगं नई? हिवायामा जावाई आठे येई, तव्हय काय खाई? लोकं काय म्हनतीन?"

नाना ताडकन उठले. "बाई, तो बाकी बठ्ठं खास! शेवभाजी खास, फुनके-कढी खास, भाकरी तं मोजतच नई!"

"इचार करना पडी," आई म्हणाली.

माझी ही आई किती पक्की आहे, ते मला त्या दिवशी कळलं. नाना घाबरून तिच्यामागे स्वयंपाकघरापर्यंत गेले. तिने त्यांच्या डोळ्यांदेखत गॅस पेटवला, वर वांगं ठेवलं आणि मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. नाना पानावर जाऊन बसले. पानात आलेलं भरीत डोळे मिटून औषधासारखं गिळलं आणि "बेस शे" असंही म्हणाले.

कामिनी आणि अभिमन एका ताटात शेवभाजी खात, खाली माना घालून हसत होते. जेवण व्हायच्या आतच नाना हात धुऊन उठले. आई पुन्हा विचार करायला लागेल या धास्तीने त्यांनी खिशातली सुपारी काढली, ना पाट ना पूजा, उंबऱ्यावर ठेवली आणि वरवंट्याच्या एका घावात फोडली.

मग मला कोपऱ्यात घेऊन हळूच म्हणाले, "भाऊ, पोऱ्याले वांगं चालत नई, हाई आमना गावमा कोनले सांगू नका."