आप्पांचे एक ते चार

मार्च २००६. कसबा बावडा.

शिवलीलाचा डंक, म्हणजे मिरची कांडायचं मशीन, सकाळी आठ ते बारा चालायचा. गल्लीच्या वर्षभराच्या चटण्या तिच्याकडं कांडल्या जायच्या. डंक होता घराच्या पुढच्या सोप्यात, आणि सोपा होता सासऱ्यांचा, बसलिंगाप्पांचा. तो देताना त्यांनी एकच अट घातली होती: दुपारी एक ते चार आपण झोपणार. झोपमोड झाली की डंक घराबाहेर.

मग वायरमननं भारनियमनाचा नवा कागद दिला. सकाळी सात ते एक लाईट नाही. संध्याकाळी चार ते आठ नाही. आठनंतर डंक वाजवला तर गल्ली मोर्चा आणेल. म्हणजे कांडपाला उरले ते नेमके

(इथं लाईट गेली. पुढचं एक वाजता.)

एक ते चार.

पहिला उपाय: आप्पांनी सकाळी झोपावं. हे राजशेखरनं, म्हणजे शिवलीलाच्या नवऱ्यानं, वडिलांना सुचवलं आणि लगेच कामाला निघून गेला. आप्पा दहाला आडवे झाले. पण त्यांना पंख्याशिवाय झोप येत नाही, आणि पंख्यालाही तीच लाईट लागते. साडेदहाला उठून बसले.

दुसरा उपाय: कळंब्याला लेकीकडं जाऊन झोपणं. जायला एक तास, यायला एक तास, वर बससाठी उभं राहणं. तिसऱ्या दिवशी आप्पा म्हणाले की आपण झोपायला जातोय का नोकरीला, तेच कळंना झालंय.

तिसरा उपाय: नव्हता. शिवलीलानं एक वाजता बटण दाबलं.

इथं एक सांगायला पाहिजे. आपली मिरची कांडून होईपर्यंत बाई डब्याजवळून हलत नाही. शेजारणीची चटणी आपल्यात मिसळली तर वर्षभर तिच्या हाताची चव खायची, हे कुणाला सोसणार? त्यामुळं बारा डबे म्हणजे सोप्यात बारा बायका.

दीड वाजता आप्पा दारात आले. शिवलीलानं डंक बंद केला. गेला आता हा घराबाहेर, असं तिनं मनात धरलंच.

"डंक चालू दे," आप्पा म्हणाले. "ह्यास्नी बंद कर."

डंक एका सुरात वाजतो, त्यावर डोळा लागतो. बायका मात्र ऐन मोक्याला आवाज बारीक करतात, आणि पुढं काय झालं ते ऐकायला जाग येते, असं आप्पांचं म्हणणं पडलं. सगळ्यांनी घरी जावं, डबे आपण राखतो.

गुळाच्या अडतीत तीस वर्षं काटा धरलेला माणूस, त्याच्या राखणीवर शंका कोण घेणार? बायका गेल्या. आप्पांनी सोप्यातच खाट टाकली.

चौथ्या

(लाईट गेली. काही अडलं नाही, चार वाजलेच होते.)

दिवशी चिमणाबाई डबा न्यायला लवकर आल्या. आप्पा तोंड उघडं टाकून घोरत होते. शिवलीलाला वाटलं, ही बाहेर जाऊन बोलली की बाराच्या बारा बायका परत येणार, आणि मग डंक काही टिकत नाही.

 चिमणाबाईंनी शेजारच्या डब्याचं झाकण हळूच उचललं.

"चिमणाबाई," आप्पा डोळे न उघडता म्हणाले, "त्यो तानाबाईचा हाय. तुमचा पलीकडं."

"कशावरनं?"

"तुम्ही लसूण लई घालताय. झोपंत बी कळतंय."

लसणाचा राग चिमणाबाईंनी गल्लीभर सांगितला, पण त्यासोबत आप्पा झोपेतही राखण करतात हेही सांगावं लागलं. दुसऱ्या दिवशी एकोणीस डबे आले.

एप्रिलमध्ये पुन्हा नवा कागद. सकाळची लाईट परत आली. शिवलीलानं हरखून सांगितलं की उद्यापासून डंक आठ ते बारा, दुपारी तुम्ही निवांत झोपा.

आप्पांनी कागद घडी करून उशाखाली घातला.

"जमणार न्हाय," ते म्हणाले. "सकाळी मी जागा असतोय की. राखण कोण करणार?"