किलियनचा पाय

मठातलं जोगीणपण सोडून मी पोपला न मानणाऱ्या पाद्र्याशी लग्न केलं, तेव्हा गावाने मला नावं ठेवायचं काही बाकी ठेवलं नाही. दारात पाव घेऊन आली ती एकटी वाल्पुर्गा. आणि तिच्याच नवऱ्याचं, किलियनचं, मी वाटोळं केलं.

सप्टेंबर सरता सरता किलियनच्या पायावरून दगडांची गाडी गेली. आठवड्यात बोटं काळी पडली. शहरातून जखमा-हाडांचं काम करणारा न्हावी करवत घेऊन आला. पाय आजच कापला तर माणूस वाचेल म्हणाला.

आमचे हे तेव्हा बायबलातल्या दानीएलाच्या भविष्यवाणीत बुडालेले. पोप म्हणजेच तिच्यातल्या पशूचं शिंग, त्याची वर्षं भरली, एकोणीस ऑक्टोबरला सकाळी आठ वाजता प्रभू येणार आणि जग संपणार, असं त्यांनी मांडलं होतं. व्यासपीठावरून सांगितलंही होतं.

किलियनने त्यांना बोलावून घेतलं. "पाद्रीबाबा, अकरा दिवसांसाठी कापून घेऊ का?"

ह्यांनी जराही विचार केला नाही. "प्रभू तुला नवं शरीर देणार आहे. कशाला हाल करून घेतोस?"

वाल्पुर्गा माझ्या तोंडाकडे बघत होती. मठात मी आजाऱ्यांचं केलं होतं. सडत चाललेल्या पायाचा तो वास मला कळत होता. पण नवरा खोटा पडेल म्हणून मी मूग गिळून बसले. न्हाव्याला बिअर पाजली आणि वाटेला लावलं.

एकोणीसला सगळा गाव चर्चमध्ये जमला. किलियनला फळीवर निजवून आणलं होतं. आठ वाजले, नऊ वाजले. दहाच्या सुमारास गाई हंबरायला लागल्या, तशा बायका धारा काढायला उठल्या. तोवर काळेपणा मांडीवर चढला होता. न्हाव्याला पुन्हा आणलं. त्याने पांघरूण उचलून पाहिलं आणि करवत पिशवीतून काढलीच नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही दोघं शेवटच्या प्रार्थनेला गेलो. ह्यांनी प्रार्थनेचं पुस्तक उघडलं आणि पुन्हा मिटलं. किलियननेच त्यांचा हात धरला.

"मनाला लावून घेऊ नका, पाद्रीबाबा. प्रभूच्या भेटीला दोन-तीन दिवसांचाच काय तो फरक पडला."

वाल्पुर्गा दारापर्यंत आली. "तुला माहीत होतं," एवढंच म्हणाली.

किलियनला पुरून आलो. हे सरळ टेबलाशी बसले, दानीएल उघडला. भविष्यवाणीतला एक राजा मोजायचा राहिला होता म्हणे, तारीख ईस्टरनंतरची निघते. मला त्यांची किळस आली.

"शाई संपली," ते म्हणाले. "थोडी कालवून दे."

मी कालवून दिली.