बारा महिने, बारा गावं

गच्चीवरच्या दोरीला पांढरी चादर लावायची, ती उडू नये म्हणून खाली दोन विटा ठेवायच्या, जिन्यातल्या प्लगमधून लांब वायर ओढून टेबलफॅन सुरू करायचा आणि बायकोला म्हणायचं, "हं, आता समोर समुद्र आहे." एवढं झालं की तिच्या नवऱ्याच्या अंगात कलाकार शिरायचा.

"डावीकडे बघ. लांब बघ. अगं, समुद्र आहे तो, शेजाऱ्यांची टाकी नाही."

"मला टाकीच दिसतेय, त्याला मी काय करू?" ती म्हणायची आणि हसायची. तो नेमकं तेव्हाच बटण दाबायचा.

नवरा विमा कंपनीत होता. कुठे गोदाम जळालं, कुठे पूल खचला, की नुकसानीची पाहणी करायला यालाच धाडायचे. कामाचे फोटो उरकले की गळ्यातला कॅमेरा तो स्वतःच्या मर्जीने फिरवायचा. घाट, तळी, दीपस्तंभ, परक्या गावांतल्या उतरत्या गल्ल्या, जे दिसेल ते. ऑफिसच्या फोटोत एक ठिपका इकडचा तिकडे केलेला चालत नसे, त्याची सगळी कसर तो घरी कॉम्प्युटरवर भरून काढायचा. ढगाळ आकाश काढून निळं बसव, विजेच्या तारा पूस, आटलेल्या नदीत पाणी सोड. पुढे पुढे त्याला नवीनच नाद लागला. बायकोचा गच्चीवर फोटो काढायचा, तिला कडेकडेने कापून घ्यायची आणि आपल्या प्रवासातल्या फोटोत नेऊन उभी करायची. तिची सावली कोणत्या बाजूला पडायला हवी, याचा विचार तो जेवता जेवता करायचा. जमलं की हाक मारायचा, "बघ, तुलाही नेलं की नाही?" तिला गंमत वाटायची. खोटं कशाला बोला, बरंही वाटायचं.

कारण तिला कुठेच जाता येत नव्हतं. सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. कूस बदलण्यापासून घास भरवण्यापर्यंत सगळं हिच्या हातून, आणि दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्यांना खपायचा नाही. कामाला ठेवलेल्या दोन बायका त्यांनी नुसत्या तोंडाने पळवून लावल्या. शाळेच्या ग्रंथालयातली नोकरी हिने कधीच सोडली होती. सासूबाईंचा डोळा लागला की गच्चीवर पळायचं आणि पंख्याच्या वाऱ्यात केस उडवत टाकीकडे बघून हसायचं, हीच तिची सुट्टी.

तिची स्वतःची आई धाकट्या भावाकडे होती, रेल्वेने रात्रभराच्या अंतरावर. तिलाही अर्धांगाचा झटका येऊन गेलेला. कानांनी जवळजवळ ऐकू येत नव्हतं, त्यामुळे फोन असून नसल्यासारखा. हिला फार काही नको होतं. जायचं, दोन दिवस आईच्या उशाशी बसायचं, डोक्यावरून हात फिरवायचा. नवऱ्याजवळ विषय काढला की तो म्हणायचा, "पुढच्या महिन्यात मी रजा टाकतो, तू निवांत जाऊन ये." पुढच्या महिन्यात कुठेतरी काहीतरी जळायचंच.

भाऊ आधी फोनवर भरभरून बोलायचा. मग तो "हो", "बरं", "बघ तुला जमेल तसं" एवढ्यावर आला. आजारपण काढून वैतागला असेल बिचारा, असं हिने स्वतःला समजावलं. आई गेली त्या दिवशी सासूबाई दवाखान्यात होत्या, नाकातोंडात नळ्या, आणि नवरा दौऱ्यावर. "मी कशी येऊ रे?" ती फोनवर रडत म्हणाली. भाऊ म्हणाला, "राहू दे, ताई. आता येऊन काय करणार?" त्या बोलण्यातलं काहीतरी टोचलं, पण रडण्याच्या भरात तिने ते गिळून टाकलं.

पुढे सासूबाईही गेल्या. सगळं आवरल्यावर हिने पहिलं काम केलं ते बॅग भरण्याचं.

दारात भावजय हसली, पण ते हसू ओठांवरच राहिलं. भावाने मोबाइलमधून मान वर न काढता "ये" म्हटलं. मग चहा आला, बशीसकट, पाहुण्यांच्या कपातून. ज्या घरात ती कान तुटलेल्या मगमधून चहा पीत लहानाची मोठी झाली, तिथे तिच्यासाठी काचेच्या कपाटातला कप काढला होता. ती चहा तसाच ठेवून आईच्या खोलीत गेली.

खाट अजून होती, गादी गुंडाळून ठेवलेली. पडल्यापडल्या नजर जाईल अशा जागी खिळ्याला एक मोठं कॅलेंडर होतं, तोंड भिंतीकडे केलेलं. ते सरळ करायला तिने हात पुढे केला.

"राहू द्या ना, ताई," मागून भावजय घाईने म्हणाली. पण तोवर ते फिरलं होतं.

दीपस्तंभ होता, मागे उसळणारा समुद्र आणि पुढे ती स्वतः, केस उडताहेत, खळखळून हसतेय. तिने पान उलटलं. तळं, आणि काठावर ती. घाटातलं वळण, आणि कठड्याला टेकून ती. दगडी गल्लीत, पुलावर, फुलांच्या बाजारात, सगळीकडे तीच. सावल्या बिनचूक पडलेल्या. खाली बारीक अक्षरांत छापलं होतं, 'दोघांकडून सप्रेम भेट'. घरी तिच्या स्वयंपाकघरातही हेच कॅलेंडर होतं, हेच घाट, हीच तळी. फक्त त्यात ती नव्हती.

"हे कुणी दिलं?"

"भाऊजींनी पाठवलं होतं. वर्ष सुरू व्हायच्या आधीच. आईंच्या खोलीत लावा, असं मुद्दाम सांगून."

भाऊ दारात येऊन उभा राहिला होता. "एक तारीख आली की आई आमच्याकडून पान उलटून घ्यायची," तो म्हणाला. "बोलता यायचं तेवढं बोलायची. 'या महिन्यात कुठे गेली गं माझी लेक?' आधी कौतुकाने विचारायची. नंतर नुसती बघत राहायची."

"अरे, पण मी गेलेच नाही कुठे! हे आमच्या गच्चीवर काढलेत, चादर लावून. यांनी ते कॉम्प्युटरवर जोडलेत!"

"ताई." तो आवाज चढवून बोलला असता तर बरं झालं असतं. "फिरायला जायचं असलं की सासूजवळ बसायला माणूस मिळतं. आईकडे यायचं म्हटलं की मिळत नाही. मी तुला आजवर एका शब्दाने बोललो नाही. आता निदान खोटं तरी बोलू नकोस."

"शेवटी आईंनीच ते उलटं करायला लावलं," भावजय हळूच म्हणाली. "बघवत नाही म्हणाल्या."

ती खाटेच्या कडेला बसली. आई आपली वाट बघत गेली, हे दुःख तिने पदरात घेतलं होतं, जन्मभर सांभाळायची तयारीही केली होती. पण आई वाट बघणं सोडून गेली होती. लेक दूर कुठेतरी हसतेय, तिला आपली आठवण नाही, एवढं पक्कं समजून ती गेली होती. आणि ते हसू खरं होतं, ही तर त्याहून मोठी शिक्षा. दिवसभर उष्टं-खरकटं, औषधं आणि बोलणी सोसून तिने ज्या एवढ्याशा वेळात मन मोकळं केलं, तोच वेळ कापून इथे भिंतीवर टांगला होता.

निघताना भाऊ म्हणाला, "एक फोटो दाखव मला. त्या वर्षातला, सासूच्या खाटेशी बसलेला. एकच दाखव, मी तुझे पाय धरून माफी मागतो."

घरी आल्यावर, नवरा ऑफिसला गेलेला असताना, तिने त्याचा कॉम्प्युटर उघडला. मावळतीचे फोटो म्हणाल तर शेकड्याने होते. भिजलेली कुत्री होती, परक्यांच्या खिडक्या होत्या, जळालेली गोदामं होती. सासूबाईंच्या खोलीतला एकही फोटो नव्हता. गच्चीवरचा चादरीसकट फोटो शोधला, तोही मिळेना. संध्याकाळी तिने विचारलं तेव्हा तो बूट काढत म्हणाला, "मूळ फोटो ठेवून काय करायचेत? कापून झाल्यावर नुसती जागा खातात."

मग तिने सगळं सांगितलं. तो आधी चपापला आणि लगेच गोड झाला.

"अगं, आईंना बरं वाटावं म्हणून केलं मी. लेक सुखात दिसली की म्हाताऱ्या माणसाला समाधानच वाटतं ना?"

"मग मला का नाही सांगितलं? आपल्या घरात दुसरं का लावलं?"

तो लेन्स पुसायला लागला. लेन्स स्वच्छच होती. "तू नको म्हणाली असतीस."

म्हणजे ठाऊक होतं. चुकून झालेलं नव्हतं, भोळेपणाने तर नव्हतंच. खोदून खोदून विचारल्यावर उरलेलंही बाहेर आलं. कॅलेंडर एकट्या आईला नाही, दोन्हीकडच्या झाडून सगळ्या नातेवाइकांना गेलं होतं. भावजय फोनवर म्हणायची, 'भाऊजी, ताईंना किती फिरवता हो! आमच्या ह्यांना जरा शिकवा.' गोतावळ्यात याचं नाव झालं होतं, बायकोची हौस पुरवणारा नवरा म्हणून. एका टेबलफॅनच्या खर्चात! आणि भावाने दोनदा याला फोन करून विचारलं होतं, 'ताईला कधी पाठवता? आई फार आठवण काढते.' दोन्ही वेळा हा म्हणाला होता, 'सध्या आम्ही बाहेर आहोत रे, परत आलो की बघू.'

ते ऐकल्यावर तिला ओरडावं असं वाटत होतं, पण ओरडायला समोर माणूस ओळखीचा तरी हवा.

"त्याला फोन करा," ती शेवटी म्हणाली. "जे खरं आहे ते तुमच्या तोंडाने सांगा. आईला आता काही सांगता येणार नाही. त्याला तरी कळू दे."

"सांगतो ना. रविवारी निवांत करू."

रविवारी सकाळी त्याने तिला कॉम्प्युटरपाशी बोलावलं. चेहऱ्यावर भेट देणाऱ्याचं हसू. पडद्यावर आईची खोली होती. आई उशीला टेकून पडलेली, भावाने कधीतरी पाठवलेला फोटो असावा तो. आणि आईच्या उशाशी ती बसली होती, हात कपाळावर ठेवून. खिडकीतला उजेड दोघींच्या गालांवर सारखाच पडला होता.

"चार दिवस खपतोय यावर," तो म्हणाला. "बोटांची सावली कपाळावर आणणं सोपं नाही. मोठा करून फ्रेम करू. तुझ्या मनाला तेवढाच आधार."

काम इतकं सफाईदार होतं की क्षणभर तिच्या तळव्याला आईचं कपाळ लागलं. पुढच्या क्षणी तिने कॉम्प्युटर बंद केला, स्वतःच्या मोबाइलवरून भावाला फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि म्हणाली, "हे तुझ्याशी बोलताहेत. ते फोटो कसे केले ते सांगतील."

"बोला, भाऊजी," पलीकडून आवाज आला.

नवऱ्याने घसा खाकरला. तिच्याकडे बघितलं, मग खिडकीकडे.

"अरे, काही नाही," तो म्हणाला. "म्हणजे थोडंफार केलंय मी कॉम्प्युटरवर. आकाश निळं कर, तारा पूस, एवढंच. हौस आपली." तो थांबला. तिला वाटलं, आता सांगेल. "आईंचं जाणं तिने फार मनाला लावून घेतलंय रे. येता आलं नाही ना. त्यामुळे तिला आता वाटतं की आपण गेलोच नव्हतो कुठे. तू तिला बोलू नकोस. मी आहे."

पलीकडून भाऊ बोलला, आणि कितीतरी महिन्यांनी त्याच्या आवाजात माया होती. "मला कल्पना नव्हती, भाऊजी. सांभाळा तिला. डॉक्टरला वगैरे दाखवा वाटल्यास."

"अरे, मी खोटं नाही—" तिने तोंड उघडलं.

"हो ताई, हो," भाऊ समजुतीने म्हणाला, लहान मुलाला म्हणावं तसं. "मी रागावलो नाही तुझ्यावर. आराम कर." फोन ठेवला गेला.

नवऱ्याने सुटकेचा श्वास सोडला. "बघ, राग गेला त्याचा. मिटलं की नाही?"

"एक विचारू?" ती म्हणाली. "त्या वर्षभर मी कुठे होते?"

"हे काय विचारणं झालं? इथेच होतीस. माझ्या आईपाशी. मला काय ठाऊक नाही?"

"तेवढंच सांगायचं होतं त्याला," ती म्हणाली.