शोध सुरू आहे, कृपया बसून घ्यावे

कणकवलीच्या एसटी डेपोसमोर, औषधांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर भाई तेंडोलकरांचं वधूवर सूचक केंद्र होतं. २००३ साली पाटीवर 'संगणकीकृत' असं लिहिलेलं आसपास दुसरं केंद्र नव्हतं, आणि भाईंना जमवलेल्या लग्नांपेक्षा त्या शब्दाचा अभिमान जास्त होता. मुंबईला नोकरी करणाऱ्या त्यांच्या भाच्याने, निकेतने, आदल्या वर्षी गणपतीच्या सुट्टीत बसून तो प्रोग्राम करून दिला होता. मुलीची किंवा मुलाची माहिती भरायची, बटण दाबायचं, की जुळणारी स्थळं पडद्यावर यायची. फक्त ती यायला वेळ लागायचा. आंबोलीहून आलेला माणूस परतीची गाडी चुकते की काय म्हणून सारखा खिडकीतून डेपोकडे बघायचा, इतका वेळ.

भाईंनी उपाय केले होते. मशीनची मेमरी वाढवली होती. खोलीतला एकमेव पंखा माणसांवरून काढून मशीनकडे वळवला होता. दसऱ्याला त्याच्यापुढे नारळही फोडला होता. कशाचाच गुण आला नाही, तेव्हा त्यांनी देवगडजवळच्या जामसंड्याच्या वर्षाली धुरीला कामावर घेतलं. ती कणकवलीच्याच कॉलेजातून कॉम्प्युटर घेऊन बी.एस्सी. झाली होती आणि असं काहीतरी बिघडलेलं हाताला लागावं याची वाटच बघत होती.

निकेतची क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा तो प्रश्न, तिने उघडून वाचली आणि कपाळाला हात लावला.

"भाई, मशीनचो काय दोष नाय," ती म्हणाली आणि एका मुलीचं, एका मुलाचं उदाहरण घेतलं. "समजा, देवगडच्या चेडवाक मालवणचो झील बघूचो आसा. तुमी खंय जाशात?"

"मालवणाक. आणि खंय?"

"निकेतचो प्रोग्राम मालवणाक जायत नाय. तो जिल्ह्यातल्या एकेका चेडवाच्या बाजूक एकेक झील उभो करता. सगळ्यांच्या पत्रिका जुळयता. सगळ्यांचे गुण मोजून झाले, की मगे इचारता, तुमका चेडू खंयचा आणि झील खंयचो होयो?"

भाई भारावले. "बघ! म्हणजे कसा मनापासून काम केल्यान पोरान!"

वर्षालीने आधी जन्मतारखेवर इंडेक्स लावला. पुस्तकाच्या मागच्या सूचीवरून नेमकं पान उघडावं तशी आता हव्या त्या वयाची माणसं लगेच सापडतील, असा तिचा हिशेब होता. फरक शून्य. दोन दिवस ती चरफडत होती. मग लक्षात आलं की क्वेरी तारखेकडे बघतच नाही. एकेका तारखेतून आधी वर्ष कापून काढते आणि मग तुलना करते, त्यामुळे सूची असून नसल्यासारखी. तिने अट बदलली: या तारखेपासून त्या तारखेपर्यंत. मुलीची नोंद एकच घेतली, तालुका आणि पोटजात आधी तपासायला लावली आणि पत्रिकेचं गणित अगदी शेवटी, उरलेल्या मोजक्या मुलांपुरतं ठेवलं. बटण दाबलं. बोट उचलायच्या आत नावं पडद्यावर.

तिने पुन्हा दाबलं. पुन्हा तसंच. ती एकटीच हसली. भाईंनी पंखा परत माणसांकडे वळवला.

पहिले आले ते आंबोलीचे भिकाजी गावडे, पुतणीसाठी. ते बाकावर टेकायच्या आत वर्षालीने कागद छापून हातात दिला.

"झाला?" गावड्यांनी कागद उलटून मागची बाजूही बघितली. "नीट बघल्यान मां मशीनान?"

"सगळा बघल्यान."

गावडे उभ्याउभ्याच वाचू लागले. पहिल्या मुलाची नोकरी पटली नाही. दुसऱ्याचं फोटोतलं नाक. तिसरं घर लांब. ज्या गाडीने आले त्याच गाडीने परत गेले.

सगळेच तसे जाऊ लागले. भाईंच्या बायकोने, नर्मदाकाकींनी केलेलं कोकम सरबत संध्याकाळपर्यंत तसंच राहायचं. दिवाळी गेली, तुळशीचं लग्न झालं, मुहूर्त सुरू झाले, आणि केंद्राचं एकही लग्न जमलं नाही.

"माका वाटता," भाई एक दिवस चाचरत म्हणाले, "मशीन घाईत चुकता."

हे वर्षालीच्या फार मनाला लागलं. प्रोग्राम चुकत नाही हे दाखवायचंच, म्हणून तिने आधी जमलेली सगळी लग्नं काढली आणि संगणकाने त्या घरांना कोणती स्थळं सुचवली होती त्याच्याशी ताडून बघितली. जुळली जेमतेम एकदोन. बाकीच्या जोड्या संगणकाने कधी सुचवल्याच नव्हत्या. काही तर त्याने चक्क नाकारल्या होत्या: गुण कमी, वय बसत नाही, तालुका भलताच. मग ही लग्नं जमली कशी? तिने बरंच काही ताडून बघितलं, आणि शेवटी कोण कधी आलं होतं त्या तारखा जोडल्या. जवळजवळ प्रत्येक जोडीतली दोन्ही घरं एकाच दिवशी केंद्रात येऊन गेली होती.

तिने बाकाकडे बघितलं आणि आधीचा बाक तिच्या डोळ्यांपुढे आला. पंखा नाही, गाडी चुकलेली, हातात सरबत, आणि शेजारी तसंच ताटकळलेलं दुसरं माणूस. तुमचा गाव खंयचा? आमच्या मावशीचा सासर थंयच. आणि मग तासाभराने संगणकाचा कागद कोणी नीट बघायचंही नाही. पाटीवरच्या शब्दाला नमस्कार करून दोन्ही घरं एकत्रच जिना उतरायची.

लपवावं असं एकदा तिच्या मनात आलं. पण तिने भाईंना सांगितलं.

सगळं ऐकून भाई म्हणाले, "मगे परत हळू कर."

"भाई!"

"कित्याक? तुका येता मां?"

"येता! पण असा कोण करता? लोकांक नुसता बसवया. सरबत देवया. बोलतीत आपसूक."

तेही करून झालं. संगणक बंद ठेवला, बाक पुसले, सरबत पुढे केलं. माणसं दारातूनच विचारायची, "मशीन बंद आसा?" आणि उद्या येतो म्हणून जायची.

शेवटी वर्षालीने प्रोग्राममध्ये दोन ओळी घातल्या. उत्तर तयार असूनही प्रोग्रामने थांबायचं आणि तोवर पडद्यावर दाखवायचं: 'शोध सुरू आहे. कृपया बसून घ्यावे.' कॉलेजातल्या कुठल्याही सरांना हे दिसू नये, एवढीच तिने प्रार्थना केली. पंखा पुन्हा मशीनकडे गेला. शिमग्यापर्यंत लग्नं जमू लागली. एका दैनिकात 'जलद व अत्याधुनिक सेवा' म्हणून भाईंचा फोटो आला. निकेतचा मुंबईहून फोन आला, "मी म्हटलं होतं ना, माझ्या कोडला हात लावू नका?"

वैशाखात एका दुपारी वर्षाली जेवून वर आली, तर बाकावर तिची स्वतःची आई, जानकी, नवं लुगडं नेसून बसलेली. लेकीचं नाव काकींकडून नोंदवून झालं होतं, बटणही दाबून झालं होतं. शेजारी आचऱ्याच्या सावित्री परब नावाच्या बाई होत्या, आणि दोघींची आमसुलं कधी सुकवावीत यावर जोरात चर्चा चालली होती.

"आये, तू हयसर?" वर्षालीच्या कानशिलांना ऊन लागल्यासारखं झालं.

"गप रव गो. मशीन काम करता."

वर्षाली खुर्चीत बसली. आपल्याच ओळी बाजूला सारून तिने उत्तर उघडलं. एकही स्थळ जुळत नव्हतं. ती उठून आईजवळ गेली आणि हळूच म्हणाली, "आये, झाला ता. कोण नाय. ह्या पडद्यावर दिसता ता मीच केलंय, उगीच थांबवचा म्हणान."

जानकीने पडद्याकडे बघितलं. शोध सुरू होता.

"तुका काय कळता?" ती म्हणाली आणि सावित्रीबाईंकडे वळली. "हां, मगे? मीठ कधी घालतास?"

दोघी निघाल्या तेव्हा डेपोत देवगडची गाडी लागली होती. कागद मागायचं दोघींच्याही लक्षात राहिलं नाही. पुढच्या रविवारी जानकी आचऱ्याला सावित्रीबाईंकडे जेवायला गेली, ती मुक्काम करूनच आली. वर्षालीने न राहवून विचारलं, त्यांचा मुलगा काय करतो?

"झील? तेंका दोनय चेडवांच. धाकटीसाठी स्थळ बघूक इल्ले थंय," जानकी पिशवीतून आमसुलं काढत म्हणाली. "पण बाई किती बरी आसा! तुझ्या मशीनान कशी नेमकी शोधल्यान बघ."